नकाशा आखण्याआधी ऊन पाहा

नवं घर बांधायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती खोल्या किती हव्यात याची. खोल्या कोणत्या दिशेला असाव्यात, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

पुण्याचं उदाहरण घेऊ. हे शहर साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात इथला दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला सुमारे 48 अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवरचा साधा छज्जा उन्हाळ्यातलं ऊन अडवतो आणि थंडीतलं ऊन आत येऊ देतो.

पश्चिमेला मात्र छज्जा अपुरा पडतो. दुपारनंतरचं तिरपं ऊन त्याच्याखालून थेट आत शिरतं. विटांची भिंत उष्णता साठवते आणि काही तासांनी ती आत सोडते, म्हणून पश्चिमेची झोपायची खोली रात्रीही तापलेली राहते. त्या बाजूला जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली ठेवावी.

हवेसाठी समोरासमोर खिडक्या हव्यात. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1960च्या दशकात अहमदाबादेत उभारलेल्या ‘ट्यूब हाउस’मध्ये गरम हवा उतरत्या छपराखालून वर सरकून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडे.

स्वयंपाकघरात ओटा, सिंक आणि फ्रिज जवळजवळ असले की हेलपाटे वाचतात. वरखाली एकाच रेषेतल्या न्हाणीघरांमुळे पाइप कमी लागतात आणि गळतीही पटकन सापडते. आजी-आजोबांची खोली तळमजल्यावर असावी. तिचं दार किमान तीन फूट रुंद ठेवलं, तर पुढे व्हीलचेअर लागली तरी भिंत फोडावी लागत नाही.