सुटकेनंतरचा पत्ता

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ एक वसाहत आहे. शेती आहे, छोटी घरं आहेत, घरांत बायकापोरं आहेत. हा तुरुंग आहे हे नवख्या माणसाला सांगावं लागतं, कारण तुरुंग म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी भिंतच इथे नाही. शिक्षा भोगणारी माणसं सकाळी रानात जातात आणि संध्याकाळी हातपाय धुऊन आपल्याच बायकोच्या हातची भाकरी खातात. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर.

तिची सुरुवात 1939 सालची, हा मुलूख औंध संस्थानात होता तेव्हाची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी महाराष्ट्राला सूर्यनमस्कारांमुळे ठाऊक आहेत. त्यांच्या संस्थानात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर येऊन राहिला होता. माणूस अजब होता. गांधींच्या नादाने खादी नेसला, धनुष तकली बनवली, पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेली. कैद्यांना मोकळ्या रानात, विश्वासावर ठेवायचं ही कल्पना त्याची, आणि तिला होकार देण्याचं धाडस राजांचं. संस्थान लहान होतं म्हणून जमलं. मोठ्या सरकारात ही फाईल पहिल्याच टेबलावर अडकली असती.

ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. त्यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. जेलरचे डोळे सगळ्यांना आठवतात. बाजाराचा प्रसंग मात्र फारसा कोणी काढत नाही. सुधारलेले सहा कैदी भाजी पिकवतात, ती स्वस्तात विकतात आणि व्यापारी त्यांच्यावर उठतात. पुनर्वसनाचा खरा पेच तिथेच आहे. आत माणूस बदलला तरी बाहेरच्या बाजाराने त्याला जागा द्यायला हवी.

आत शिकवलं जातं, याबद्दल वाद नाही. नाशिकरोड कारागृहात बंदी शाडूचे गणपती घडवतात. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले गेले आहेत. येरवड्यात सुतारकाम चालतं. सणासुदीला वर्तमानपत्रांत फोटो येतात, लोक कौतुकाने खरेदीही करतात. पण सुटल्यावर त्या मूर्तिकाराला कारखान्यात कोण उभं करतं, याची बातमी होत नाही.

सुटण्याच्या आधी घर तुटू नये, यासाठी कायद्यात रजा आहेत. सरकारी कागदावर त्यांना संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात. बरॅकीत सगळे फर्लो आणि पॅरोलच म्हणतात. पण रजेसाठी घरच्या कोणीतरी जामीन राहावं लागतं, आणि गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. म्हणजे मुळात घर हवं, आणि त्या घराने ‘पाठवा त्याला’ म्हणायला हवं. बरीच वर्षं आत गेली की हेच अवघड होतं. मुलीचं लग्न ठरायचं असतं, भावाने वाटणी करून घेतलेली असते.

यावर नेमकं बोट ठेवणारी एक योजना महाराष्ट्रात निघाली. 1 मे 2022 रोजी येरवडा कारागृहात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ कर्ज सुरू केलं. 50 हजार रुपयांपर्यंत रक्कम, 7 टक्के व्याज, तारण नको; फेड कैद्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. रक्कम मोठी नाही. पण आत बसलेला बाप पोरीच्या फीचे पैसे उभे करू शकतो, आणि घरात त्याचं नाव पुन्हा कर्त्या माणसासारखं घेतलं जातं. बँकेने कैद्याची पत धरली, हे मला व्याजदरापेक्षा मोठं वाटतं.

हे सगळं पक्क्या कैद्यांचं. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांपैकी 4,34,302 खटला चालू असलेले कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले 76. त्यांना ना स्वतंत्रपूर, ना धड प्रशिक्षण. कित्येकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. पालावर राहणाऱ्या पारध्याने पत्ता कुठला सांगायचा? इंग्रजांनी 1871 पासून कायदा करून पारध्यांसारख्या ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो कायदा 1952 साली गेला. संशय गेला नाही. तुरुंगातली कामं जातीवर वाटण्याची पद्धत तर सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवावी लागली. तेही सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार बाईंनी प्रकरण लावून धरलं म्हणून.

जामिनासाठी गरीब कैद्यांना मदत देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे; सुरुवातीला तिची मर्यादा 40 हजारांची होती. मात्र कागद फिरवायला माणूस लागतो. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे कार्यकर्ते मुंबईत 1990 पासून हेच करत आले आहेत: कैद्याच्या घरच्यांना शोधायचं, वकील गाठून द्यायचा, सुटलेल्याला काम शिकण्यासाठी कुठेतरी चिकटवायचं. असे कार्यकर्ते प्रत्येक कारागृहाला सरकारी पगारावर मिळाले पाहिजेत. एखाद्या संस्थेच्या चिकाटीवर हे काम किती काळ रेटणार?

या दिवाळीत कारागृहाच्या विक्री केंद्रातून पाट किंवा सतरंजी घेतलीत, तर उत्तमच. त्यापुढे एक करा. तुमच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये हाताखाली माणूस हवा असेल, तर जिल्ह्याच्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याच्या कार्यालयात, सुटून आलेल्या कोणाला काम हवंय का, अशी एकदा चौकशी करून या.