व्हिलिस्का येथील आठ खून आणि तेथील भूत

ज्या घरांत अपमृत्यु घडला त्या घरांत रात्रीं कांहींतरी वावरतें, ही समजूत कोणा एका देशाची मिरास नाहीं. यंत्रांचें व शास्त्रीय शोधांचें माहेरघर म्हणून जिचा लौकिक, त्या अमेरिकेंतही आडगांवच्या अशा घरांची वाण नाहीं. भुताखेतांच्या गोष्टींत आम्हांस स्वतः होऊन गोडी नाहीं. परंतु भूत नेमकें केव्हां जन्मास येतें आणि तें कोणाच्या उपयोगी पडतें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. म्हणून अशाच एका घराची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आयोवा संस्थानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत व्हिलिस्का नांवाचें गांव आहे. १९१२ सालीं तेथील वस्ती दोन-अडीच हजारांची होती. भोंवतीं मक्याचीं शेतें, मधून गेलेली रेल्वे, दोन-चार देवळें आणि एक बाजारपेठ, एवढाच त्याचा पसारा. त्या सालच्या ९ जूनला, रविवारीं, प्रेस्बिटेरियन पंथाच्या देवळांत मुलांचा वार्षिक समारंभ झाला. त्याची सारी व्यवस्था सारा मूर ह्या बाईंकडे होती. त्यांचे यजमान जोसाया मूर हे गांवांतील एक सधन दुकानदार असून शेतीच्या अवजारांचा व्यापार करीत. त्यांना हर्मन, कॅथरीन, बॉइड व पॉल अशीं चार मुलें. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा पांच. समारंभ साडेनऊच्या सुमारास आटोपला. कॅथरीनच्या आग्रहावरून लीना व आयना स्टिलिंजर ह्या बारा व आठ वर्षांच्या दोघी बहिणी त्या रात्रीं मूर ह्यांच्याकडेच राहावयास गेल्या. आठहीजण पायींच घरीं परतलीं. त्यानंतर त्यांना जिवंत असें कोणीं पाहिलें असेल, तर तें मारेकऱ्यानेंच.

दुसरे दिवशीं सकाळीं सात वाजून गेले तरी मूर ह्यांच्या घरीं जाग दिसेना, म्हणून शेजारच्या बाईंना नवल वाटलें. त्यांनीं दार ठोठावलें. आंतून ओ आली नाहीं. घरांतील कोंबड्या त्यांनींच बाहेर सोडल्या आणि जोसायाचा भाऊ रॉस ह्यास निरोप धाडला. रॉसनें आपल्याजवळच्या किल्लीनें दार उघडलें. बैठकीच्या पलीकडील खोलींत दोन देह पांघरुणाखालीं पडलेले त्यानें पाहिले आणि तो तसाच बाहेर आला. गांवच्या शिपायानें वर जाऊन पाहिलें तों मूर दांपत्य व त्यांचीं चारही मुलें आपापल्या बिछान्यांतच मारलेलीं. हत्यार म्हणजे मूर ह्यांच्याच घरची कुऱ्हाड. ती स्टिलिंजर बहिणींच्या खोलींत भिंतीशीं टेंकून ठेविलेली होती.

बारीकसारीक गोष्टी मोठ्या चमत्कारिक होत्या. प्रत्येकाचें तोंड कपड्यानें झांकलेलें होतें. घरांतील आरसे वस्त्रांनीं आच्छादिले होते आणि ज्या खिडक्यांस पडदे नव्हते त्यांवर घरांतलेच कपडे टांगले होते. पलंगाच्या पायथ्याशीं रॉकेलचा दिवा, त्याची कांच काढून बाजूस ठेवलेली. कुऱ्हाडीजवळ डुकराच्या खारविलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा. स्वयंपाकघरांतील मेजावर न खाल्लेलें अन्न व रक्तानें लाल झालेलें पाणी. घरांतून चोरी म्हणावी अशी कांहींच झाली नव्हती. आठांपैकीं एकट्या लीनाच्या हातावर जखम होती. त्यावरून ती जागी झाली असावी व तिनें हात आडवा धरला असावा, असें पाहणारांचें मत पडलें.

येथपर्यंतची हकीकत भयंकर खरी, पण पुढील चार तासांत जें झालें तें आम्हांस ह्या सर्व प्रकरणाचें मर्म वाटतें. बातमी फुटतांच गांव लोटला. कोणी आप्त म्हणून, कोणी कळवळ्यानें, बहुतेक नुसत्या कुतूहलानें, असे शंभराच्या आसपास लोक त्या लहानशा घरांतून फिरून गेले. ते जिन्यावरून चढले, उतरले. त्यांनीं खोल्याखोल्यांत डोकावून पाहिलें, वस्तूंस हात लावले. राष्ट्रीय रक्षक दलाच्या स्थानिक तुकडीनें पहारा बसविला तेव्हां दुपार होत आली होती. बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याची विद्या अमेरिकेंत तेव्हां अगदींच अपरिचित नव्हती. असा पुरावा ग्राह्य असल्याचा निर्णय इलिनॉय संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें १९११ सालींच दिला होता. परंतु शंभर माणसांच्या ठशांतून एकाचा ठसा वेगळा कसा काढावा? नेब्रास्का संस्थानांतून माग काढणारे कुत्रे आणविले. ते नदीच्या कांठापर्यंत गेले आणि तेथें माग सुटला. गांवानें ज्यांच्यावर प्रेम केलें त्यांच्या खुनाचा पुरावा गांवानेंच पायदळीं तुडविला, आणि मग पुढें कित्येक वर्षें तेंच गांव पुराव्यासाठीं तळमळत राहिलें.

पुराव्याची जागा संशयानें घेतली. फ्रँक जोन्स हे गांवांतील बडे व्यापारी व संस्थानच्या वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद. जोसाया मूर पुष्कळ वर्षें त्यांच्याच पेढीवर नोकरीस होते. पुढें त्यांनीं स्वतःचें दुकान थाटलें आणि जॉन डिअर कंपनीच्या नांगरांची अडतही आपल्याकडे ओढून नेली. तेव्हांपासून दोघांत वितुष्ट होतें. ह्या वैराच्या आधारावर विल्कर्सन नांवाच्या एका खाजगी गुप्त पोलिसानें अशी उठावणी केली कीं, जोन्स ह्यांनीं विल्यम मॅन्सफील्ड नांवाच्या इसमास पैसे देऊन हे खून करविले. त्यानें जाहीर सभा भरविल्या, लोकांकडून वर्गणी गोळा केली. गांवांत दोन तट पडले. १९१६ सालीं मॅन्सफील्ड ह्यास पकडण्यांतही आलें, परंतु खुनाच्या वेळीं तो दूर इलिनॉय संस्थानांत कामावर असल्याचें पगाराच्या कागदपत्रांवरून दिसून आलें व त्यास सोडून द्यावें लागलें. त्यानें विल्कर्सनवर उलट दावा लावून २,२२५ डॉलर भरपाई मिळविली. जोन्स ह्यांच्यावर तर खटला कधींच झाला नाहीं; पण १९१६ सालीं कायदेमंडळांतील त्यांची जागा गेली, आणि विल्कर्सनवर त्यांनीं केलेली अब्रुनुकसानीची फिर्यादही फसली. खटला झाला असता तर निदान सुटकेचा निकाल तरी पदरांत पडता! तेवढेंही त्यांच्या नशिबीं आलें नाहीं.

ज्याच्यावर खटला झाला तो मनुष्य जॉर्ज केली. हा जन्मानें इंग्रज, धंद्यानें फिरता धर्मोपदेशक, अंगकाठीनें अगदीं किरकोळ, आणि मनानें दुबळा. ९ जूनच्या समारंभास तो हजर होता व १० जूनला पहांटेच्या गाडीनें गांव सोडून गेला होता. ह्या खुनांविषयीं तो वेळीं अवेळीं बोले व अधिकाऱ्यांस पत्रें लिही. १९१४ सालीं टपालानें अश्लील मजकूर पाठविल्याबद्दल त्यास पकडून वॉशिंग्टन येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेविलें होतें. १९१७ च्या ऑगस्टांत रात्रभर प्रश्नांचा भडिमार झाल्यावर त्यानें कबुलीजबाब दिला: दैवी आज्ञा ऐकूं आली म्हणून आपण हें कृत्य केलें. पुढें तो जबाब त्यानें फिरविला. सप्टेंबरांतील खटल्यांत पंचांचें एकमत झालें नाहीं. अकराजण सोडून देण्याच्या बाजूचे होते. नोव्हेंबरांत दुसऱ्या पंचांनीं त्यास निर्दोष ठरविलें. अशा मनाच्या मनुष्याकडून रात्रभर जागवून घेतलेल्या कबुलीस पंचांनीं किंमत दिली नाहीं, ह्यांत आम्हांस त्यांच्या शहाणपणाची खूण दिसते. गांवाच्या दृष्टीनें मात्र आठ देहांचा जबाब देणारा कोणीच उरला नाहीं.

वास्तविक गांवाबाहेर पाहण्यास पुष्कळ कारण होतें. सप्टेंबर १९११ मध्यें कॉलोरॅडो स्प्रिंग्ज येथें शेजारच्या दोन घरांत सहाजण, ऑक्टोबरांत मॉनमथ येथें तीन व एल्सवर्थ येथें पांच, आणि व्हिलिस्काच्या अवघे कांहीं दिवस आधीं पाओला येथें दोन, असे खून झाले होते. सर्व ठिकाणें रेल्वेच्या रस्त्यावरचीं, सर्व बळी झोंपेंत मारलेले. बिल जेम्स ह्या बेसबॉलच्या आंकड्यांच्या अभ्यासकानें आपल्या मुलीसह २०१७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असा तर्क आहे कीं, १८९८ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एका कुटुंबाच्या हत्येनंतर फरारी झालेला पॉल म्यूलर नांवाचा मजूर गाड्यांतून गांवोगांव हिंडून हीं कृत्यें करीत होता. तर्क विचारणीय आहे. त्याहून अधिक आम्ही म्हणत नाहीं. पण वाटेवरून आलेला व वाटेनें गेलेला अनोळखी मारेकरी लोकांच्या मनास मानवत नाहीं. त्यास वैर नाहीं, हेतु नाहीं. शेजाऱ्याचा संशय त्यापेक्षां सोपा वाटतो.

आणि भूत? त्याचा विचार करण्यापूर्वीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील एक निराळी गोष्ट सांगणें अवश्य आहे. तेथील ग्रीनब्रायर परगण्यांत जानेवारी १८९७ मध्यें झोना नांवाची नवविवाहित तरुणी घरांत मरून पडलेली आढळली. नवरा श्यू हा लोहार होता. त्यानें प्रेतास स्वतःच कपडे चढविले, गळ्याभोंवतीं उंच ताठ कॉलर बांधली आणि डॉक्टरासही मानेची नीट तपासणी करूं दिली नाहीं. मूठमाती होऊन गेली. पुढें झोनाची आई सरकारी वकिलाकडे येऊन सांगूं लागली कीं, मुलगी लागोपाठ चार रात्रीं आपल्याजवळ आली आणि नवऱ्यानें मान मोडून मारल्याचें तिनें सांगितलें. फेब्रुवारींत प्रेत उकरून तपासलें तों मान खरोखरच मोडलेली! श्यू ह्यास जन्मठेप झाली व १९०० सालीं तो तुरुंगांत मेला. भुताच्या साक्षीनें मारेकऱ्यास शिक्षा झाली, अशा अर्थाची सरकारी पाटी त्या मुलखांत रस्त्याकांठीं लावलेली आहे. ती पाटी आम्हांस अतिशयोक्तीची वाटते. सरकारी वकिलानें भुताचें नांवही काढलें नव्हतें. बाईंस वेडगळ ठरविण्याच्या हेतूनें आरोपीच्याच वकिलानें तो विषय उकरला आणि त्याचा डाव त्याच्यावरच उलटला. बाईंनीं स्वप्न पाहिलें कीं जांवयाची ती कॉलर पाहून मनांत आलेला संशय स्वप्नाच्या भाषेंत बोलून दाखविला, हें ज्याचें त्यानें ठरवावें. तिच्या बोलण्यास आधार मिळाला तो जमिनींत जपून राहिलेल्या पुराव्याचा.

व्हिलिस्काचें भूत ह्याच्या अगदीं उलट जातीचें. तें कोणाचें नांव घेत नाहीं, कोणास पकडून देत नाहीं. खुनांनंतर त्या घरांत ऐशीं वर्षें एकामागून एक बिऱ्हाडें राहून गेलीं. त्याच खोल्यांत मुलें निजलीं, वाढलीं. १९९४ सालीं एका दांपत्यानें पडावयास आलेलें तें घर विकत घेतलें, वीज व नळ काढून टाकून १९१२ सालचें रूप त्यास पुन्हां दिलें, आणि १९९८ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादींत त्याचा समावेश झाला. ह्यानंतर पैसे भरून तेथें रात्र काढण्याची सोय झाली. मुलांचे आवाज, आपोआप लागणारीं दारें, माळ्यावरील पावलें, ह्या कथांस खरा बहर आला तो तेव्हांपासून. तोंपर्यंत जोन्स, केली, विल्कर्सन हे सारे केव्हांच मातीआड झाले होते.

आयना व लीना ज्या खोलींत निजल्या होत्या तेथें लोक आतां खेळणीं ठेवून, ध्वनिलेखनाचीं यंत्रें लावून त्यांस हांका मारीत बसतात. नोव्हेंबर २०१४ मध्यें अशाच शोधासाठीं आलेल्या एका गृहस्थानें रात्रीं स्वतःच्याच छातींत सुरी खुपसून घेतली. त्यास इस्पितळांत न्यावें लागलें. ती बातमी देशभर झाली. घर पुन्हां पूर्ववत् उघडलें आणि मुक्कामास येणारांची रांग चालूच राहिली.