अन्नाशी वैर आणि मनाचा उपचार

पान वाढलेले आहे, पोटात भूक आहे, तरी घास तोंडात जात नाही. किंवा उलट, घरात कोणी नसताना डबेच्या डबे रिकामे होतात आणि लगोलग घशात बोटे घालून सारे ओकून टाकले जाते. श्रोतेहो, अशांना आपण काय म्हणतो? पहिल्याला हट्टी, दुसऱ्याला अधाशी! वैद्यकशास्त्र दोघांनाही आजारी म्हणते. पहिल्या व्याधीला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी एकोणिसाव्या शतकातच दिले. दुसरीचे 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये. आणि हे दुखणे केवळ कोवळ्या मुलींचे नव्हे. तिशी-चाळिशीतल्या संसारी स्त्रिया, पुरुषसुद्धा, त्यात सापडतात.

मग उपचाराचा आरंभ कोठून करावा? बालपणीचे शल्य हुडकून काढले की जेवण आपोआप सुधारेल, असे कोणासही वाटेल. कोपनहेगनमध्ये हा समज कसोटीला लागला. बुलिमियाच्या सत्तर रुग्णांपैकी काहींना दोन वर्षे, दर आठवड्यास एकदा, मनोविश्लेषण दिले. उरलेल्यांना विचार व वर्तन यांवरील उपचाराच्या अवघ्या वीस बैठका, पाच महिन्यांत. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांअखेर पहिल्या गटात शेकडा १५ जणांचे, तर दुसऱ्यात शेकडा ४४ जणांचे बेफाम खाणे व ओकणे थांबलेले होते. प्रयोगकर्ते स्वतः मनोविश्लेषणाचे पुरस्कर्ते. त्यांचा प्रांजळपणा वाखाणण्याजोगा खराच.

असे का व्हावे? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ही निरोगी माणसे पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटावर रेंगाळू लागली. बंधन उठल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही शमेना. म्हणजे उपासमार स्वतःच मन बिघडवते! उपाशी राहावे, मग तुटून पडावे, मग लाजेने ओकावे आणि प्रायश्चित्त म्हणून पुन्हा उपाशी राहावे, असा हा रहाट आहे.

म्हणून ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीत चिकित्सा ताटापासून सुरू होते. दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे, भूक असो वा नसो. खाल्ले की तेव्हाच वहीत टिपायचे. वजन आठवड्यातून एकदाच, तेही चिकित्सकासमोर. रहाट मंदावला की मग मुळाशी असलेली, स्वतःची किंमत वजनकाट्यावर ठरवण्याची, सवय उकलायला घेतात.

कोणी म्हणेल, उपास आम्हीही करतो. पण एकादशीला पारणे असते. या उपासाला ते नाही. उलट, व्रताच्या आडोशाने हा आजार घरच्यांपासून खुशाल लपू शकतो.

प्रौढांचा ॲनोरेक्सिया मात्र चिवट. रुग्णाला आपला कृशपणा हेच यश वाटते, मग तो दवाखान्याची पायरी कशाला चढेल? तेथे बैठका चाळीसपर्यंत लागतात, आणि कोणतीही एक पद्धती इतरांपेक्षा निर्विवाद सरस ठरलेली नाही. नाडी मंदावली, घेरी येऊ लागली, अथवा वारंवार ओकून रक्तातले पोटॅशियम घटले, तर हृदयालाच धोका असतो. तेव्हा आधी रुग्णालय, बैठका त्यानंतर.