दुसरी मुळी कोणाकडे?

फासे म्हटले की आपल्याला शकुनीमामा आठवतो. मी आज ज्या फाशांविषयी बोलणार आहे, त्यात पैसा लागत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण काटोलला आमच्या गच्चीवर दर रविवारी चार-पाच पोरं जमतात, तेव्हा खालून जाणाऱ्यांना फाशांचा आवाज ऐकून भलतीच शंका येते.

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली बाजारात आणला. यात पट नसला तरी चालतं. एक जण सूत्रधार होतो, म्हणजे आमच्याकडे मी. मी प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. थोडक्यात, कीर्तनकाराला मध्येच थांबवून ‘थांबा बुवा, मी असं नाही करत’ म्हणायची मुभा असलेलं आख्यान!

या खेळात पात्रांचे वर्ग असतात. त्यातला ‘ड्रुइड’ म्हणजे रानाशी नातं असलेला मांत्रिक. तो जनावराचं रूप घेऊ शकतो. ‘बार्बेरियन’ म्हणजे रानटी योद्धा. त्याची ताकद म्हणजे त्याचा संताप. माझ्या भाचीनं एके दिवशी विचारलं, “मामा, आधी राग आणायचा आणि मग अस्वल व्हायचं, असं नियमात बसते का?”

बसतं. आणि फार छान बसतं. २०१४ च्या नियमपुस्तकाप्रमाणे बार्बेरियनची एक पातळी आणि ड्रुइडच्या दोन घेतल्या, ड्रुइडमध्येही ‘चंद्रमंडळ’ ही शाखा निवडली, की तिसऱ्याच पातळीला हे जमतं. तपकिरी अस्वलाचे जीव-गुण ३४. ते अस्वलाचे, संपले की तुम्ही पुन्हा माणूस होता आणि स्वतःचे गुण तसेच शिल्लक असतात. संतापात असताना तलवारीचा, सोट्याचा, बाणाचा मार निम्माच लागतो. म्हणजे साध्या शस्त्रांपुढे ते ३४ जवळजवळ ६८ होतात. अस्वल एका पाळीत दोनदा मारतं, प्रत्येक फटक्याला रागाचे दोन गुण जास्त. शिवाय चिलखताविना लढायची बार्बेरियनची सवय अस्वलालाही लागू पडते आणि त्याचा बचाव ११ वरून १३ वर जातो. भाचीनं वहीत हा हिशेब मांडला आणि तिचे डोळे चमकले.

आता दुसरी बाजू. जनावराच्या रूपात बुद्धी तुमचीच राहते, पण वाचा जाते आणि मंत्र म्हणता येत नाही. आधी म्हटलेला मंत्र मनात धरून ठेवता येतो, तेवढी सवलत आहे. संताप मात्र तीही काढून घेतो: रागात नवा मंत्र नाही आणि जुन्यावर ध्यानही नाही. आणखी एक अट मला फार मार्मिक वाटते. राग एक मिनिट टिकतो, पण मधल्या एखाद्या पाळीत तुम्ही कोणावर हल्ला केला नाही आणि तुम्हालाही मार बसला नाही, तर तो विझतो. रागाला सतत खायला घालावं लागतं!

हा सौदा किती महाग पडतो, ते आमच्या गच्चीवर दिसलं. गटात जखमा भरण्याचे मंत्र एकट्या भाचीकडे, म्हणून औषधाची बाटली कोणीच घेतली नव्हती. ती अस्वल होऊन पिसाळलेली, आणि तिकडे तिच्या मित्राचा योद्धा कोसळला. कोसळलेल्यानं दर पाळीला फासा टाकायचा. १० किंवा वर पडलं तर ठीक, तीनदा खाली पडलं की पात्र मेलं. तो दोनदा खाली आला होता. भाचीनं रूप सोडलं, त्यात त्या पाळीची जादा कृती संपली. नुकताच मार बसला होता, त्यामुळे राग काही उतरेना. रागात जखम बांधून बघायला मनाई नाही. तिनं बघितली, पण फासा कमी पडला. पुढच्या पाळीला राग सोडायचा आणि मगच मंत्र म्हणायचा. मधे मित्राचा फासा होता. गच्चीवर कोणी बोलेना. ११ पडले.

मला त्या वेळी कर्नल स्लीमनच्या पुस्तकातली एक गोष्ट आठवली. ठगांचा बंदोबस्त करणारा हाच तो स्लीमन. त्याचं प्रवासवर्णन १८४४ साली निघालं. सागरकडच्या देवरीचे सरदार रामचंद्रराव, ज्यांना लोक श्रीमंत म्हणत, यांनी त्याला सांगितलं की एक मुळी खाल्ली की माणसाचा वाघ होतो आणि दुसरी खाल्ली की वाघाचा माणूस. रघू नावाच्या एका धोब्यानं दुसरी मुळी बायकोच्या हातात दिली आणि पहिली स्वतः खाल्ली. समोर वाघ बघून ती बिचारी मुळीसकट पळाली. रघू रानात गेला, त्यानं ओळखीपाळखीचीच माणसं खाल्ली आणि शेवटी गोळीला बळी पडला. त्याला शेपूट नव्हतं, त्यावरून तो ओळखू आला.

रूप आणि राग यांची सांगड सगळीकडेच सापडते. नॉर्स लोकांच्या एगिलच्या गाथेत क्वेल्डुल्फ, म्हणजे ‘सांजलांडगा’, असाच पिसाळून लढतो, मग गळून जातो, अंथरूण धरतो आणि आइसलँडच्या वाटेवर जहाजातच मरतो. या खेळाच्या २००० सालच्या आवृत्तीत राग ओसरल्यावर बार्बेरियन थकायचा. आपल्याकडे नरसिंह आहेच. भागवतात हिरण्यकशिपूच्या वधानंतर देव लांब उभे राहतात, लक्ष्मीही जवळ जायला धजत नाही. शेवटी लहानग्या प्रल्हादाला पुढे पाठवावं लागतं. आमच्याच जिल्ह्यात रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन मंदिरं आहेत. दोन्हीकडे नरसिंह नुसता बसलेला आहे, कोणाला फाडत नाही. जाल तेव्हा जरा थांबून बघा.

तर असं पात्र करणाऱ्याला मी एवढंच सुचवतो, की ताकदीचा हिशेब नंतर करा, आधी दुसरी मुळी कोणाकडे ते ठरवा. अस्वल झाल्यावर तुमची पिशवी अंगात विरून गेली, तर माणूस होईपर्यंत आतलं औषध हाताशी येत नाही. म्हणून बाटली आधीच सोबत्याकडे द्यावी.

२०२४ च्या सुधारित नियमांत अस्वलाचे ३४ गुण मिळत नाहीत. स्वतःचेच राहतात, वर चंद्रमंडळवाल्यांना ड्रुइडच्या पातळीच्या तिप्पट तात्पुरते गुण मिळतात. रागही आता जादा कृती खर्चून, कोणाला न मारता टिकवता येतो. आम्ही मात्र अजून जुन्याच पुस्तकावर खेळतो. भाचीनं बाटली घेतली आहे आणि चोराचं पात्र खेळणाऱ्या मित्राकडे सांभाळायला दिली आहे. तो ती बाजारात विकणार नाही याची खात्री आमच्यापैकी कोणालाच नाही.