खोक्यात उरलेला पार्ट

जुनी स्पोर्ट्स कार सगळी खोलून पुन्हा उभी करताना एक वेळ हमखास येते. इंजिन बसलेले असते, रंग झालेला असतो, आणि खोक्याच्या तळाशी एक पार्ट उरतो, ज्याची जागा कुणालाच सांगता येत नाही. तो गॅरेजभर हातोहात फिरतो आणि प्रत्येक जण एकच विचारतो: हा कुठल्या गाडीचा? माझ्या मते गाडी तिथेच चुकीच्या रस्त्याला लागते. आधी विचारायला हवे ते हे की पार्ट काय काम करत होता, कुणी बनवला आणि कोणत्या काळात. कारण स्पोर्ट्स कार बाहेरून कितीही वेगळी दिसली, तरी आतून ती बहुधा कुणाची तरी नातेवाईकच निघते. थोड्या संख्येने खपणाऱ्या गाडीसाठी इंजिन आणि गिअरबॉक्स नव्याने घडवणे छोट्या कंपनीला परवडत नसे. साध्या घरगुती गाडीचे भाग घ्यायचे आणि वर देखणी बॉडी चढवायची, हाच रिवाज होता.

याचा ठळक पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक वर्षे काळ्या-पिवळ्या रंगात धावत होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात इटलीची सिसिटालिया २०२ होती. तिच्या घडणीची वाखाणणी आजही होते. पण बॉनेटखाली होते फियाट ११०० चे इंजिन: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, क्षमता १०८९ सीसी. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे आकडेही हेच. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीतही फायबरच्या बॉडीखाली रेनॉचे छोटे इंजिन होते. याचा अर्थ पद्मिनीचा कुठलाही भाग सिसिटालियात बसेल असा मुळीच नाही. मधल्या काळात हेड, कार्बुरेटर, पंप असे बरेच काही बदलले. पण शोध कुठून सुरू करायचा, ते मात्र कळते.

हिंगोली जिल्ह्यातले जवळा बाजार हे शेतीमालाच्या बाजाराचे गाव. तिथे जुनी स्पोर्ट्स कार शोधून सापडायची नाही. पण तिथल्या ट्रॅक्टर खोलणाऱ्या हाताला ब्रिटिश स्पोर्ट्स कार वाटते तितकी परकी नाही. १९५३ ची ट्रायम्फ टीआर-२ घ्या. तिचे इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड या घरगुती गाडीवरून घेतलेले, आणि त्याच घराण्यातले इंजिन राखाडी रंगाच्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरमध्येही होते. आता समजा, अशा गाडीच्या खोक्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दोन मोठ्या भोकांची पातळ पत्र्याची पट्टी निघाली. पद्मिनीवर हात बसलेला मेकॅनिक तिला सायलेन्सरकडचे गॅस्केट म्हणेल, कारण लायनर सुटे निघणारे इंजिन त्याच्या रोजच्या कामात नाही. ट्रॅक्टरवाला निदान विचारेल की याला वेट लायनर आहेत का. आहेत. पाण्यात उभ्या असलेल्या दोन लायनरखाली मिळून अशी एक पट्टी बसते. तिची दोन कामे: पाणी खाली ऑइलमध्ये उतरू द्यायचे नाही, आणि लायनर ब्लॉकच्या वर इंचाचे काही हजारांश उचलून ठेवायचा, म्हणजे हेड गॅस्केट घट्ट दाबले जाते. ही पट्टी सायलेन्सरचे गॅस्केट समजून फेकली आणि जाडीचा विचार न करता दुसरी घातली, की हेड गॅस्केट उडालेच म्हणून समजा.

पण पट्टीवरून घराणे कळते, माणूस कळत नाही. त्यासाठी लायनर मोजावा लागतो. स्ट्रोक सगळ्यांचा ९२ मिलिमीटर. बोअर ८३ असेल तर १९९१ सीसीची टीआर-२, ८५ असेल तर २०८८ सीसीची व्हॅनगार्ड, ८६ असेल तर २१३८ सीसीची नंतरची टीआर. त्यातही फसगत आहेच, कारण ताकद वाढवायला जुन्या टीआरमध्ये मोठे लायनर घालण्याची पद्धत होती. म्हणून एका मापावर निकाल देऊ नये.

आट्यांचेही तसेच. ब्रिटिश गाडी म्हणजे इंची आटे, असे धरून चालणाऱ्याला एमजी टीसी चांगलाच चकवा देते. तिच्या एक्सपीएजी इंजिनातल्या बोल्टचे डोके व्हिटवर्थ पान्याचे, आटे मात्र मेट्रिक! मॉरिस कंपनीने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला, तिथल्या मशिनी मेट्रिक होत्या, आणि ती सवय पुढे टिकली. पाना बसला म्हणून बोल्ट ओळखला असे होत नाही. पिच गेज लावूनच बघावे. ओतीव भागावर उठलेला नंबरही असाच फसवा. तो ओतकामाचा नंबर असतो. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळे यंत्रकाम करून दोन निराळे पार्ट निघू शकतात, आणि पार्ट कॅटलॉगमध्ये त्यांचे नंबर वेगळे असतात. त्यामानाने लुकासच्या विजेच्या सामानावर ठोकलेला आठवडा आणि वर्ष जास्त कामाचे. निदान काळ तरी पक्का होतो.

यावर गॅरेजवाले म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, लेथवर नवा करून घेऊ. जरूर घ्यावा. आपल्याकडचे लेथवाले त्यात वाकबगार आहेत. पण पोलाद कुठले, किती कडक, फिट किती घट्ट, हे कामावरून ठरते, आणि काम माहीत नसेल तर लेथवर हुबेहूब दिसणारा तुकडा मिळेल, पार्ट मिळणार नाही. दुसरे म्हणणे जास्त वजनदार आहे: जुना मिस्त्री नुसते बघून सांगतो. सांगतोच, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतो. मात्र त्याची नजर त्याने आयुष्यभर पाहिलेल्या गाड्यांवर तयार झालेली असते, जी गाडी कधी समोर आलीच नाही तिच्याबद्दल ती गप्प राहत नाही, जवळचे नाव घेते. त्याचे उत्तर पहिला अंदाज म्हणून घ्यावे आणि व्हर्नियरने तपासावे.

आणखी एक शक्यता लोक विसरतात. पार्ट त्या गाडीचा नसेलच. आयातीवर कडक बंधने होती त्या दशकांत परदेशी गाडी चालू ठेवायची म्हणजे जीप, अँबेसेडर, फियाट, जे हाताशी येईल ते बसवणे भाग होते. असा पार्ट मूळचा नाही म्हणून लगेच भंगारात टाकू नये. त्याने जागा घेतलेल्या मूळ भागाचे माप त्यावरच उतरलेले असते: कुठे कानस मारली, कुठे वॉशर वाढवला, कुठे चमकदार घासलेली कड आहे. मूळपणाला आता कायद्यातही किंमत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा अशी अट आहे.

तेव्हा अनोळखी पार्ट हाती आला तर वायर ब्रश मारायच्या आधी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तो कुठल्या खोक्यात आणि कशाबरोबर सापडला, हे चिठ्ठीवर लिहून तारेने त्याला बांधा. ग्रीसचा रंग, गंजाची रेघ, घासल्याची खूण एकदा पुसली गेली की परत मिळत नाही, आणि पार्टची निम्मी ओळख त्यातच असते.