वाटाड्या आणि कप्तान

‘पायलट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विमान उभे राहते. मीही तसेच समजत होतो. पण हा शब्द मूळचा दर्यावर्दींचा. बंदराच्या किंवा कालव्याच्या तोंडाशी लहान होडीतून येऊन, दोराच्या शिडीने जहाजावर चढणारा स्थानिक वाटाड्या म्हणजे पायलट. तिथले खडक, वाळूचे दांडे, पाण्याची ओढ त्याला पाठ असते; दूरदेशीच्या कप्तानाला ती ठाऊक नसते.

मग जहाज अडकले तर दोष कोणाचा? कायद्याचे सर्वसाधारण उत्तर असे की, पायलट वाट दाखवतो, पण जहाज कप्तानाच्याच हुकमतीत राहते. 23 मार्च 2021 रोजी सुएझ कालव्यात 400 मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ आडवे रुतले, तेव्हा त्यावर कालव्याचे दोन पायलट होते. तरी तिथल्या नियमांप्रमाणे जबाबदारी जहाजाचीच. सहा दिवसांनी ते मोकळे झाले. पण भरपाईच्या वादात 7 जुलैपर्यंत अडवून ठेवले गेले. त्यावरचे खलाशी भारतीय होते. पनामा कालवा मात्र अपवाद. तिथे जहाजाचा ताबाच पायलटकडे जातो, म्हणून त्याच्या चुकीचा भार कालव्याच्या प्राधिकरणावर येतो.

पहिला नियम मला प्रथम अन्यायाचा वाटला. नंतर उमगले, पायलट काही तासांत उतरून जातो. जहाज, माल आणि माणसे कप्तानाजवळच राहतात. म्हणूनच जाणत्या पायलटलाही वेळीच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्याला आहे. परक्या पाण्यात तो वापरणे किती अवघड, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही.