शास्त्रज्ञाच्या लेखणीतील मिस्कीलपणा : डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा

मराठी वाङ्मयातील विनोदाची परंपरा समृद्ध आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा आणि चिं. वि. जोशींचा चिमणराव यांनी वाचकाला स्वतःच्या वैगुण्यांकडे हसत पाहावयास शिकविले. विज्ञान मात्र आपल्याकडे दीर्घकाळ गंभीर मुद्रेनेच वावरत राहिले. या दोहोंची गाठ घालून देणाऱ्या लेखकांत डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे स्थान अग्रगण्य आहे. विनोदी लेखक म्हणून त्यांची ख्याती नाही. तरीही त्यांच्या कथा वाचकाच्या मनात घर करतात, याचे एक कारण त्यांतील मिस्कील दृष्टी हे आहे.

त्यांचा जन्म कोल्हापूर येथे १९ जुलै १९३८ रोजी झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, तर मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार होत्या. काशीतील शिक्षणानंतर केंब्रिजला जाऊन ते रँग्लर झाले आणि तेथेच फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९६४ मध्ये या गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला. हॉइल हे स्वतः विज्ञानकादंबरीकारही होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. शास्त्रज्ञाने कथा लिहिणे कमीपणाचे नव्हे, हा धडा शिष्याला गुरूकडून असा मिळाला. १९७२ मध्ये नारळीकर मायदेशी परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे ते संस्थापक संचालक झाले.

त्यांच्या साहित्यप्रवेशाची हकिगतही एखाद्या कथेत शोभावी अशी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे त्यांनी केवळ उलटी केली होती. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. प्रथम पारितोषिक जगतापांना मिळाले! कीर्तीच्या बळावर नव्हे, तर कथेच्या गुणावर निर्णय व्हावा, हा त्या गमतीमागील आग्रह होता.

हाच आग्रह ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत प्रकट होतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत यांना सभांचे अध्यक्षपद भूषविण्याची सवय आहे. एका अपघातानंतर ते अशा जगात पोहोचतात, जेथे पानिपतच्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे विजयी झाले. तेथील मुंबईत, आझाद मैदानावर एक व्याख्यान चालले आहे. परंतु मंचावर अध्यक्षच नाहीत! पंत सवयीने व्यासपीठावर चढून बोलू लागतात. श्रोते खवळतात, कारण प्रास्ताविक, अध्यक्षीय समारोप व आभारप्रदर्शन यांना त्या समाजाने केव्हाच रजा दिलेली असते. आमच्यासारख्या व्याख्यानमाला भरविणाऱ्यांना हा चिमटा चांगलाच लागतो.

परंतु लेखक तेवढ्यावर थांबत नाही. इलेक्ट्रॉनसारखा सूक्ष्म कण पुढच्या क्षणी कोठे आढळेल, हे पुंजसिद्धान्त निश्चितपणे सांगू शकत नाही. सांगतो ती केवळ संभाव्यता. मग एक शक्यता आपल्या जगात साकार झाली, तर दुसरी अन्य एखाद्या जगात झाली नसेल कशावरून, असा प्रश्न ही कथा उपस्थित करते. आपल्या आदिलाबादकरांना तो सहज उमगावा. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली, तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हा भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेला आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. रेघ थोडी इकडे अथवा तिकडे पडती, तर पैनगंगेच्या या तीरावरील कित्येक मुलांच्या हाती वेगळ्या भाषेचे पाठ्यपुस्तक आले असते.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अकस्मात डावखुरा होतो. याचे मूळ भूमितीत आहे. विद्यार्थिमित्रांनी कागदाची लांब पट्टी घ्यावी, एका टोकाला अर्धा पीळ द्यावा आणि दोन्ही टोके चिकटवावीत. ही मोबियसची पट्टी होय. तिच्या पृष्ठभागातच राहून डाव्या पंजाची सपाट आकृती एक फेरी पूर्ण करील, तर ती उजव्या पंजाची होऊन परतेल. सपाट आकृतीला जे तिसऱ्या मितीतील पिळाने घडते, ते घन शरीराला आणखी एका मितीत घडले तर? गणपतीची सोंड आणि क्रिकेटचे मैदान यांच्या आधाराने हा अवघड प्रश्न घराघरांत पोहोचला.

कल्पनेला मोकळे रान देणारा हा लेखक प्रयोगाच्या वेळी मात्र काटेकोर होता. वातावरणाच्या उंच थरांत सूक्ष्मजीव आढळतात काय, हे तपासण्यासाठी २००१ व २००५ मध्ये आपल्या हैदराबादहून फुगे सोडण्यात आले. त्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने आणले. या संशोधनात नारळीकरांचा पुढाकार होता. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉइल यांच्या स्मरणार्थ ‘जानिबॅक्टर हॉयली’ हे नाव मिळाले. हे जीव अंतराळातूनच आले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही करण्यात आला नाही.

२०२१ मध्ये नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रकृतीच्या कारणास्तव ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत, की मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, मी स्वाक्षरीसह उत्तर देईन. थोरांची स्वाक्षरी जपण्यापेक्षा आपला प्रश्न नीट शब्दांत मांडणे अधिक मोलाचे, ही शिकवण त्यात होती. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि परीक्षेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या येथील मुलांना प्रश्न पडत नाहीत असे नाही. तो कोणत्या भाषेत विचारावा, येथे ती अडखळतात. ज्या भाषेत हसू येते त्याच भाषेत प्रश्नही विचारता येतो, हे नारळीकरांच्या कथांनी दाखवून दिले आहे. आपल्या ग्रंथालयातील त्यांची पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत आणि प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न लिहून घ्यावा, एवढीच शिक्षक व पालक यांना विनंती आहे.